रांगेत बसून टिपलेली रांग

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



१९७८ साली ब्रिटनच्या भिंतींवर एक भित्तिपत्रक झळकले. बेकारीच्या कचेरीसमोर नागमोडी वळणे घेत गेलेली माणसांची लांबच लांब रांग आणि वर मजूरपक्षाच्या नावावर श्लेष साधणारी अवघ्या तीन शब्दांची घोषणा. मजूरपक्षाच्या राज्यात कामच होत नाही, असा तिचा मथितार्थ. हे भित्तिपत्रक साची अँड साची या जाहिरातसंस्थेने हुजूरपक्षासाठी तयार केले होते. रांगेत उभी असलेली माणसे मात्र बेकार म्हणून तेथे आलेली नव्हती. हेंडन भागातील हुजूरपक्षाच्या युवक शाखेचे ते स्वयंसेवक होते. शंभरजण येतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात वीसच्या आसपास आले. त्यांनाच पुन्हा पुन्हा उभे करून, छायाचित्रे जोडून, रांग लांबविण्यात आली. मे १९७९ मध्ये श्रीमती थॅचर सत्तेवर आल्या. त्या वेळी बेकारांची अधिकृत संख्या १३ लाखांच्या आसपास होती. जानेवारी १९८२ मध्ये तिने ३० लाखांचा आकडा ओलांडला. खोट्या रांगेच्या आधारे सत्ता मिळविणाऱ्यांनी खरी रांग दुपटीहून अधिक वाढविली. या खऱ्या रांगेचे भित्तिपत्रक मात्र तितक्या दिमाखात कोणी लावले नाही.

ही खरी रांग ज्याने टिपली त्या पॉल ग्रॅहॅम या छायाचित्रकाराच्या कामाविषयी आज बोलावयाचे आहे. आपल्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्र, इतिहास, संघटना यांवर पुष्कळ चर्चा होते. चित्राची चर्चा क्वचित होते. चित्र ही मजकुराला जोड म्हणून छापावयाची वस्तू आहे अशी आपली समजूत असते. पक्षाच्या मुखपत्रांतली छायाचित्रे आठवून पाहावीत: व्यासपीठ, हार, ध्वनिक्षेपकापुढे उगारलेला हात, मोर्चाचे अग्रभाग. ती सारी व्यासपीठाच्या बाजूने घेतलेली असतात. ग्रॅहॅमच्या चित्रांपाशी थोडे थांबण्याचे कारण हेच की त्याने कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला.

ग्रॅहॅमचा जन्म १९५६ चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डचा. ब्रिस्टल विद्यापीठात त्याने सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली; छायाचित्रण तो स्वतःच शिकला. त्याचे पहिले मोठे काम म्हणजे लंडन ते एडिंबरो या ए-वन महामार्गाची चित्रमालिका. १९८१ आणि १९८२ या दोन वर्षांत त्याने सुमारे चारशे मैलांच्या या रस्त्यावर पुनःपुन्हा प्रवास केला आणि १९८३ मध्ये ते पुस्तक स्वतःच प्रकाशित केले. एकेकाळी हा देशाचा कणा होता. नवे द्रुतगती मार्ग झाले आणि तो बाजूला पडला. ट्रकचालकांच्या खाणावळी, त्यांत काम करणाऱ्या पोरी, पावसात भिजणारे उपाहारगृह, मोटेलच्या खोलीत ठेवलेले बायबल, यॉर्कशरमधली पेटविलेली शेते असे या पुस्तकाचे विषय आहेत. मोठ्या आकाराचा कॅमेरा, रंगीत फिल्म आणि इंग्लंडच्या ढगाळ आभाळाचा तो करडा, ओलसर उजेड. उत्तर इंग्लंडचे कारखाने त्याच काळात एकामागून एक बंद पडत होते. पुस्तकात त्याचा कोठे उल्लेखही नाही. पण पाने उलटता उलटता एका देशाची उतरती कळा वाचकाच्या अंगावर येते.

त्या काळी रंगीत फिल्म वापरणे हेच मोठे धाडस होते. आज ही गोष्ट चमत्कारिक वाटेल, म्हणून ती जरा खुलासेवार सांगितली पाहिजे. गंभीर छायाचित्रण कृष्णधवलच असावयाचे, असा तेव्हाचा अलिखित दंडक होता. रंग हा साबणाच्या जाहिरातीचा, पर्यटन खात्याच्या कॅलेंडरचा आणि घरगुती लग्नसमारंभांचा मामला. वॉकर इव्हान्ससारख्या थोर अमेरिकन छायाचित्रकारानेही रंगीत छायाचित्रणाला हीन अभिरुचीचे ठरविले होते, जरी उतारवयात तो स्वतःच पोलरॉइड कॅमेऱ्यावर लुब्ध झाला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने विल्यम एगल्स्टनच्या रंगीत चित्रांचे प्रदर्शन भरविले तेव्हा टीकेची झोड उठली. डाव्या विचारांच्या छायाचित्रकारांत तर हा दंडक अधिकच कडक होता. दारिद्र्य, संप, खाणी यांचे चित्रण काळ्या-पांढऱ्यातच शोभते. रंग आला की दुःख सवंग होते, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेत तथ्य होते, पण तिच्यात एक धोकाही दडलेला होता. कृष्णधवल चित्राला आपोआप एक भूतकाळ चिकटतो. १९८४ मधला बेकार माणूस काळ्या-पांढऱ्यात टिपला की तो १९३० च्या मंदीतला वाटू लागतो. त्याचे दुःख उदात्त होते, ऐतिहासिक होते आणि त्यामुळेच पाहणाऱ्याच्या अंगाला लागेनासे होते. ही माणसे आपल्याच शहरातल्या, आपणही उद्या जाऊ अशा खोलीत, या क्षणी बसली आहेत, हे सांगावयाचे तर त्या खोलीचा रंग दाखविण्यावाचून गत्यंतर नव्हते. ग्रॅहॅमने रंग पत्करला तो या गरजेपोटी.

आता त्या खोल्यांकडे वळू. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने दैन्य, रोग, अज्ञान, अस्वच्छता आणि निरुद्योग या पाच राक्षसांशी युद्ध पुकारले, हे आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. ॲटलींच्या मजूर सरकारने जुलै १९४८ पासून सामाजिक विम्याची योजना अमलात आणली. बेकारभत्ता ही भिक्षा नसून, श्रमिकाने स्वतःच्या वर्गणीतून मिळविलेला हक्क आहे, हे या योजनेमागचे तत्त्व. पण विम्याचा भत्ता एक वर्षच मिळे. त्यानंतरही काम मिळाले नाही तर माणसाला पूरक साहाय्याच्या खिडकीकडे जावे लागे. तेथे त्याची मिळकत, त्याचे घर, त्याच्याबरोबर कोण राहते, याची चौकशी होई. बेकारी चार-सहा महिन्यांची असेल असे गृहीत धरून ही रचना उभारलेली होती. १९८० नंतर बेकारी वर्षानुवर्षांची झाली आणि विम्याच्या खिडकीवरची माणसे चौकशीच्या खिडकीवर जाऊन साचली. आरोग्य व सामाजिक सुरक्षा खात्याची प्रतीक्षागृहे ही त्या साचलेपणाची जागा. कल्याणकारी राज्य कोणी जाहीरपणे मोडले नाही. त्याच्या दिव्यांची देखभाल थांबली, भिंतींना रंग लावणे थांबले, खिडक्या अपुऱ्या पडल्या आणि माणसे बसून राहिली.

ग्रॅहॅम त्या सुमारास स्वतःच बेकारभत्त्यावर होता. ब्रिटनच्या तत्कालीन स्थितीवर काम करण्याची जबाबदारी लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीने त्याच्याकडे सोपविली, तेव्हा आपण ज्या खोलीत नियमाने जाऊन बसतो तीच टिपावी असे त्याने ठरविले. सरकारी परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. मग तो लंडनमध्ये, ब्रिस्टलमध्ये, बर्मिंगहॅममध्ये, देशभरच्या कचेऱ्यांत जाऊन इतरांसारखा रांगेत बसू लागला. कॅमेरा शेजारच्या खुर्चीवर किंवा कमरेशी धरलेला. डोळा भिंगाला लावता येत नाही, फ्लॅश उडविता येत नाही, जागा बदलता येत नाही. १९८४ आणि १९८५ मध्ये असे काम करून १९८६ मध्ये त्याने 'बियॉण्ड केअरिंग' हे पुस्तक काढले. शीर्षकात तिहेरी अर्थ आहे. राज्यसंस्था आता कोणाची पर्वा करीत नाही; बसून बसून माणसेही पर्वा करण्याच्या पलीकडे गेली आहेत; आणि इंग्रजीत जो शब्द पर्वेला तोच शुश्रूषेला, संगोपनाला. मराठीत हे एका शब्दात येत नाही.

या चित्रांतली जवळीक कोणत्या प्रकारची आहे हे नीट पाहण्याजोगे आहे. ग्रॅहॅम कोणाच्या घरात शिरत नाही, कोणाची कहाणी सांगत नाही. चित्रांखाली माणसांची नावे नाहीत, फक्त कचेरीचे ठिकाण आणि साल आहे. तरीही ती चित्रे विलक्षण जवळची वाटतात, कारण त्यांची दृष्टी बसलेल्या माणसाच्या उंचीवर आहे. उभा राहून पाहणारा वार्ताहर, अधिकारी किंवा दाता यांना ती खोली कधीच अशी दिसत नाही. पुढच्या खुर्चीची पाठ, कोणाचा तरी खांदा, फरशीचा मोठा तुकडा, दूरवरची खिडकी. काही चित्रांत खोली जराशी कलती आहे. कॅमेरा मांडीशी असला की असेच होणार. चौकट साधण्याची सवड नसल्यामुळे चित्रात जे आले ते बसणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातलेच आले.

रंगांचेही तसेच. ट्यूबलाइटच्या प्रकाशात रंगीत फिल्मवर एक हिरवट-पिवळट झाक येते. व्यावसायिक छायाचित्रकार ती गाळणी लावून काढून टाकतात, कारण त्या झाकेत माणसांची कातडी आजारी दिसते. ग्रॅहॅमच्या चित्रांत ती झाक कायम आहे. कधीकाळी उत्साहाने निवडलेला भिंतीचा रंग हातांच्या आणि डोक्यांच्या घासण्याने मळला आहे. जमिनीवर कागद पडले आहेत, सिगारेटची थोटके पडली आहेत. कोट, जाकिटे, पिशव्या हे सारे जणू एकाच फिक्या पाण्यातून बुचकळून काढल्यासारखे. पाने उलटताना डोळा रंगासाठी भुकेला होतो आणि मग बर्मिंगहॅमच्या कचेरीतील १९८४ मधल्या चित्रात गुलाबी कपड्यांतले एक लहान मूल समोर येते. या गुलाबी रंगावर कोणतीही युक्ती केलेली नाही. त्या आईने बाहेर पडताना बाळाला चांगले कपडे घातले, एवढेच. खोलीतील सगळा उजेड त्या एका ठिपक्यापाशी गोळा होतो आणि त्या मुलाला या खोलीत किती वेळ काढावा लागणार हा प्रश्न आपोआप मनात येतो. भडक रंगांच्या चित्रात हे मूल हरवले असते. कृष्णधवल चित्रात त्याचा गुलाबी रंगच नाहीसा झाला असता.

दुसरे एक चित्र ब्रिस्टलच्या प्रतीक्षागृहातले आहे. एक माणूस पुढे वाकून, अंग चोरून बसलेला. चेहरा वाचता येत नाही. नाट्य म्हणावे असे त्यात काहीच नाही. पण सरकारी कचेरीत ज्याने दिवस काढला आहे त्याला ती पाठ ओळखता येते. आपल्याकडे यासाठी 'खेपा घालणे' असा शब्दप्रयोग आहे. त्यात निदान चालणे आहे. येथे चालणेही उरलेले नाही.

या पुस्तकावर डावीकडून एक आक्षेप घेतला जाऊ शकतो आणि तो गंभीर आहे. १९८४-८५ हे ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या ऐतिहासिक संपाचे वर्ष होते. १८ जून १९८४ रोजी ऑर्ग्रीव्ह येथे घोडेस्वार पोलीस कामगारांवर धावून गेले. जॉन हॅरिस या छायाचित्रकाराने टिपलेले चित्र त्या दिवसाची खूण बनले: घोड्यावरच्या पोलिसाने उगारलेला दंडुका आणि खाली हातात कॅमेरा घेतलेली स्त्री. असा रणसंग्राम चालू असताना खुर्च्यांवर बसून राहिलेल्या माणसांची चित्रे काढणे म्हणजे कामगारवर्गाला हताश, निष्क्रिय दाखविणे नव्हे काय?

याचे उत्तर असे देता येईल की संप आणि प्रतीक्षागृह ही एकाच धोरणाची दोन टोके होती. एका टोकाला दंडुका होता, दुसऱ्या टोकाला खुर्ची. खाण बंद पडली की तिथला माणूस वर्षाच्या आत या खोलीत येऊन बसणार होता, हे हॅरिसच्या चित्रातून कळत नाही. ग्रॅहॅमच्या चित्रांतून कळते. वाट पाहावयास लावणे ही राज्य करण्याची एक रीत आहे. दंडुक्याने माणसे एकत्र येतात, प्रतीक्षेने सुटी होतात. ग्रॅहॅमच्या खोल्यांत गर्दी आहे, पण एकमेकांशी बोलणारी माणसे फार थोडी आहेत. संघटना बांधू पाहणाऱ्याने हे चित्र डोळ्यांआड करून चालणार नाही, कारण त्याला बोलणे सुरू करावयाचे आहे ते याच माणसांशी. चळवळीची चित्रे आवेशाचीच असली पाहिजेत, हा हट्ट चळवळीच्याच हिताचा नाही.

दुसरा आक्षेप मात्र इतक्या सहजासहजी फिटत नाही. या माणसांची संमती कोणी घेतली? परवानगी नाकारली ती खात्याने. प्रतीक्षागृहातल्या माणसांना विचारलेच गेले नाही. १९७६ पासून ब्रिटिश वृत्तपत्रांनी भत्ता घेणाऱ्यांना ऐतखाऊ ठरविण्याची मोहीम चालविली होती. अशा काळात त्या खोलीत आपण दिसू नये असे कोणास वाटले असेल तर तो त्याचा हक्क होता. बचाव करावयाचा तर परंपरेचा आधार घेता येतो. लुइस हाइनने १९०८ पासून अमेरिकेतल्या बालमजुरीची चित्रे काढली ती कारखान्यांत खोटे सोंग घेऊन शिरूनच, आणि बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात त्या चित्रांचा मोठा वाटा होता. त्याच्या आधी, १८८८ च्या सुमारास, जेकब रीसने न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोल्यांत मध्यरात्री शिरून झोपलेल्या माणसांच्या तोंडावर दारूचा भपकारा उडविला होता. हेतू सुधारकाचाच होता. पण त्या चित्रांतली दचकलेली, दिपलेली तोंडे पाहवत नाहीत. प्रकाश ज्याच्या हाती असतो त्याच्या हाती सत्ता असते. ग्रॅहॅमने आपला प्रकाश बरोबर नेला नाही. त्या खोलीत जेवढा होता तेवढ्यावर भागविले आणि स्वतःही त्याच उजेडात बसला. रीसपेक्षा ही पुष्कळ पुढची पायरी आहे. तरीही न विचारता घेतलेले ते न विचारता घेतलेलेच राहते आणि पुढे ती चित्रे कलादालनांच्या भिंतींवर गेली तेव्हा त्यातले काही त्या खोलीतल्या माणसांच्या वाट्याला आले, असे कोणी म्हणणार नाही. आपल्यापैकी जे तरुण वस्त्यांत कॅमेरा घेऊन जातात त्यांनी हा हिशेब डोक्यात ठेवलेला बरा.

याच वर्षांत त्याचे उत्तर आयर्लंडमधले काम चालू होते. 'ट्रबल्ड लँड' या नावाने ते १९८७ मध्ये पुस्तकरूपाने आले. वार्ताहर तेथे बाँब आणि अंत्ययात्रा शोधीत होते. ग्रॅहॅमने हिरवी शेते, ढग आणि रस्ते टिपले. जरा निरखून पाहिले की रस्त्याकडेचे दगड ब्रिटिश झेंड्याच्या रंगांत रंगविलेले दिसतात, दूरच्या एका झाडात तो झेंडा अडकलेला दिसतो. बेलफास्टच्या अँडरसनटाउन भागातील चौकाचे १९८४ मधले चित्र प्रथमदर्शनी अगदी नित्याचे वाटते. मग त्यात सैनिक आहेत हे ध्यानात येते. तेथील जनतेची सवय हीच होती: युद्ध दृष्टीच्या कडेला ठेवून बाजारहाट करावयाचा.

फिक्या रंगांचा त्याने पुढे केलेला सर्वांत कठोर उपयोग अमेरिकेतला. १९९८ नंतरच्या काही वर्षांत काढलेली 'अमेरिकन नाइट' ही चित्रमालिका २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील बहुसंख्य चित्रे इतकी जास्त प्रकाशित केली आहेत की पान जवळजवळ कोरे दिसते. डोळे ताणले की त्या पांढऱ्या धुक्यात शहराच्या कडेने पायी चाललेला एखादा माणूस हाती लागतो. बहुधा काळा, बहुधा एकटा. आणि मध्येच पानभर लखलखीत रंगांत कॅलिफोर्नियातले नवे घर आणि दारात उभी असलेली मोटार. ज्या देशात पायी चालणे हेच दारिद्र्याचे लक्षण झाले आहे तेथील सुखवस्तू माणसाच्या डोळ्याला कोण दिसते आणि कोण दिसत नाही, याचे हे रंगांनी मांडलेले गणित आहे. काही समीक्षकांना ही युक्ती वाटते. पण पुस्तक हाती घेणाऱ्याला त्या कोऱ्या पानांवर माणूस शोधण्याचे कष्ट घ्यावेच लागतात आणि तेवढे कष्ट आपण रस्त्यावर घेत नाही, हे त्याला टोचल्याशिवाय राहत नाही.

'बियॉण्ड केअरिंग' २०२१ मध्ये पुन्हा छापण्यात आले. जे खाते त्याने टिपले ते १९८८ मध्येच दुभंगले. पूरक साहाय्य त्याच वर्षी गेले आणि दुसऱ्या नावाने दुसरी योजना आली. २०१३ पासून अनेक भत्ते एकत्र करून नवी योजना सुरू झाली आहे. तिचा अर्ज बहुतांशी संगणकावर भरावा लागतो आणि पहिली रक्कम हाती पडावयास साधारणतः पाच आठवडे लागतात. केन लोच यांनी २०१६ च्या 'आय, डॅनियल ब्लेक' या चित्रपटात भत्त्याच्या व्यवस्थेपुढे हतबल झालेला सुतार दाखविला. उंदीर नावाच्या उपकरणाशी झगडणारा तो म्हातारा पाहून प्रेक्षक आधी हसतात. आता खुर्च्यांच्या ओळी कमी झाल्या आहेत. वाट पाहणे घरोघरच्या पडद्यांपुढे विखुरले आहे. शेजारच्या खुर्चीवर कॅमेरा ठेवावा अशी ती खुर्चीच राहिलेली नाही. ही प्रतीक्षा कशी टिपावयाची याचा मार्ग अद्याप तरुण छायाचित्रकारांना शोधावयाचा आहे.